तिकीट काढून काजवे बघितले. हसू नका, प्रश्न आहे.

सातपूरकर
मंडळी, गेल्या रविवारी घरच्यांना घेऊन एका 'इमर्सिव्ह' का काय म्हणतात तसल्या प्रदर्शनाला जाऊन आलो. नाशकात गंगापूर रोडच्या बाजूला एका लॉन्सवर मोठा काळा तंबू ठोकलाय. आत चारी भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरने जंगल. पाय ठेवला की पाण्यात तरंग उठतात, मासे पळतात, हात लावला की भिंतीवरचं फूल उमलतं. शेवटच्या खोलीत अंधार आणि काजवे. माणशी साडेचारशे, नऊ वर्षांच्या पोराचंही पूर्ण तिकीट. पाण्याची बाटली बाहेर ठेवायला लावली आणि आत तीच दुप्पट भावाने विकली. असो.

पोरगा अर्धा तास मासे पकडत धावत होता. बायको रील काढत होती. मी स्वतः, खरं सांगतो, त्या शेवटच्या खोलीत गप्प झालो. आणि आई (वय ७३, माहेर घोटीच्या पलीकडे डोंगरात) दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "हे काही खरं नाही." म्हटलं, आई, खरं नाहीच आहे, प्रोजेक्टर आहे. तर म्हणते, "ते कळतंय मला. पण हे जो तो आपापला लुकलुकतोय. आमच्याकडं अख्खं झाड एकदम पेटायचं आणि एकदम विझायचं."

तर दोन प्रश्न. एक, आई म्हणते ते खरं आहे का? दोन, असलं काही बघून भारावणं म्हणजे आपण येडे आहोत का? गाडी काढली तर थोड्या वेळात गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पोचतो आपण. तरी पैसे देऊन तंबूत शिरलो.

भुरका
पहिल्याचं माहीत नाही. दुसऱ्याचं उत्तर हो. चार तिकिटांचे अठराशे झाले. अठराशेत किती मिसळी येतात याचा हिशोब करा आणि रात्री झोपा बघू.

वटवट_सावित्री
भुरका, तुम्ही प्रत्येक धाग्यावर मिसळीत रूपांतर करून सांगता. मागे तर वॉशिंग मशीनचंही केलं होतं.

पंचवटीतला_आप्पा
मला आधी एक सांगा, इमर्सिव्ह म्हणजे बुडवणारं ना? मग नाशिककरांना हे शिकवायची गरजच काय? रंगपंचमीला या तिवंध्याला नाहीतर शनी चौकात. पेशव्यांच्या काळापासूनची रहाड आहे, म्हणजे रंगाचा हौद, वर्षभर बुजवलेली असते, रंगपंचमीला उघडतात. फुलं-पानं उकळून काढलेला रंग, त्यात धप्पा मारायचा. पूर्ण आत. डोळ्यात, नाकात, कानात रंग. दोन दिवस अंगावरून जात नाही. तुमच्या त्या तंबूतनं बाहेर पडल्यावर अंगावर काय उरतं?

सातपूरकर
आप्पा, चाळीस रुपयांच्या बाटलीचा राग उरतो.

चक्रवाक
धागा वाचून वाईट वाटलं. आत्ता जानेवारी चालू आहे. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर नांदूरमधमेश्वर आहे, गोदावरी आणि कादवेचा संगम. रामसर म्हणजे पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी, त्यात गेल्याचं २०२० साली जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. पहाटे चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावर चढा. धुक्यातनं चक्रवाकांची जोडी ओरडत जाते तेव्हा कुठल्या सेन्सरची गरज लागत नाही. जांभळ्या पाणकोंबड्या अगदी समोर पाणवनस्पती उपटून पायात धरून खातात. ते सोडून लोक प्लास्टिकच्या कापडावरचे मासे पकडतात.

त्यात एकीकडे कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड चालवायची चर्चा आणि दुसरीकडे तिकीट लावून एलईडीची झाडं. यापेक्षा मोठा विनोद काय असणार.

संपादक
तपोवनासाठी स्वतंत्र धागा आहे, तिथे दोनशे प्रतिसाद झालेत. इथे तंबूतच राहू या.

अरूपा
चक्रवाक, मुद्दा कळतो, पण असली सगळीच इन्स्टॉलेशन्स (आत शिरून अनुभवायची कला) एका मापाने मोजू नका. ऑफिसच्या कामाने टोकियोत होते तेव्हा टीमलॅबचं तोयोसूचं 'प्लॅनेट्स' बघितलं. २०१८ साली सुरू झालेलं. टीमलॅब म्हणजे तोशियुकी इनोको आणि त्याच्या मित्रांनी २००१ मध्ये काढलेला गट. त्यात प्रोग्रामर आहेत, अॅनिमेटर आहेत, गणितवाले आहेत, आर्किटेक्ट आहेत. तिथे चपला-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खरोखरच्या पाण्यात उतरायचं. पाणी दुधाळ, त्यावर प्रकाशाचे कार्प मासे. तुमच्या पायाला मासा धडकला की तो फुटून त्याची फुलं होतात. त्या खोलीत सगळे लोक आपोआप हळू चालायला लागतात. मी तर एका जागी उभी राहिले, कारण आपण हललो की मासे मरतात असं वाटायला लागलं. आणि तिथे कुठलाही व्हिडिओ लावलेला नसतो. सगळं त्या क्षणी संगणक रंगवत असतो, त्यामुळे आत्ता दिसलेलं दृश्य परत कधीच दिसत नाही.

आणखी एक. त्यांचं क्यूशूमधल्या ताकेओला मिफुनेयामा राकुएन नावाच्या जुन्या बागेतही प्रदर्शन असतं. १८४५ सालची बाग. तिथे खऱ्या तळ्याच्या पाण्यावरच चित्र पडतं. निसर्ग आणि प्रोजेक्टर यांचं भांडण लावायलाच हवं असं काही नाही.

चक्रवाक
खऱ्या तळ्यावर रात्री उजेड टाकतात आणि तुम्ही कौतुक करताय? तळ्यातल्या बेडकांना विचारलं का कुणी?

अरूपा
बेडकांचं मान्य. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

प्रकाशयोजना
मी याच धंद्यात आहे. अंबडला गोडाऊन आहे, लग्नं, कॉन्फरन्स, देवीचे मंडप, सगळीकडे प्रोजेक्टर-एलईडी देतो. (तो तंबू माझा नाही, आधीच सांगतो.) तुमचा तंबू कसा चालतो ते सांगतो.

जमिनीवरचे मासे पळतात ते दोन प्रकारे. एकतर वर छताला इन्फ्रारेड कॅमेरा असतो, तो माणसाचा आकार ओळखतो. नाहीतर कोपऱ्यात घोट्याच्या उंचीवर लायडार ठेवतात. तो लेझरची किरणं फिरवतो, पाय मध्ये आला की अंतर कळतं, ते आकडे संगणकाला जातात आणि संगणक म्हणतो, इथून मासा पळव. भिंतभर एक चित्र दिसतं तेव्हा तिथे चार-सहा प्रोजेक्टर शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या कडा एकमेकांवर चढवून फिकट केलेल्या असतात. याला आम्ही ब्लेंडिंग म्हणतो. निम्मी रात्र त्यातच जाते. सकाळी ऊन लागून तंबूचं कापड एक इंच सैल पडलं की सगळ्या झाडांना दोन-दोन बुंधे.

खरा माल की लूप, हे ओळखायचं असेल तर एका कोपऱ्यात दहा मिनिटं उभे राहा. तोच मासा त्याच कोपऱ्यातनं तशीच शेपटी हलवत परत आला तर समजा व्हिडिओ लावलाय आणि वर थोडे तरंग टाकलेत.

आता काजवे. सातपूरकर, तुमच्या आईंना जे खटकलं त्याचं निम्मं कारण माझ्याकडे आहे. प्रोजेक्टर उजेड फेकू शकतो, काळोख फेकू शकत नाही. चित्रात जिथे काळं असतं तिथेही थोडा करडा उजेड भिंतीवर पडतोच. त्यामुळे प्रोजेक्टरचा काजवा कायम धुरकट. काजव्यांची खोली प्रोजेक्टरने करूच नये. बारीक वायरीच्या टोकाला छोटे एलईडी लावावेत, बाकी मिट्ट अंधार. पण त्याला वायरिंगची मजुरी लागते, व्हिडिओ फुकटात मिळतो.

उनाड_नाशिककर
दंडवत! असा प्रतिसाद आला की धाग्याचं सार्थक होतं.

भुरका
वीजबिल किती येत असेल?

प्रकाशयोजना
वीस हजार ल्यूमेनचा एक लेझर प्रोजेक्टर दीड-दोन किलोवॅट खातो. असे दहा धरा, वर संगणक, वर प्रोजेक्टर तापू नयेत म्हणून एसी. 'निसर्ग वाचवा' असा बोर्ड बहुतेक वेळा जनरेटरच्या शेजारीच लावलेला असतो.

कोडगा_कोडर
उरलेलं निम्मं कारण माझ्याकडे. काकूंचं निरीक्षण जबरदस्त आहे.

काजव्यांच्या सगळ्या जाती एका तालात चमकत नाहीत, पण काही चमकतात. आग्नेय आशियातल्या खारफुटीतले काजवे यासाठी प्रसिद्ध आहेत, अमेरिकेत ग्रेट स्मोकी पर्वतातली एक जात आहे. पूर्वी लोकांना वाटायचं की त्यांच्यात कुणीतरी म्होरक्या असेल, भजनातल्या टाळवाल्यासारखा. तसा कुणी नसतो. प्रत्येक काजव्याच्या आत आपलं एक घड्याळ असतं, ते भरत जातं, भरलं की चमक. शेजाऱ्याची चमक दिसली की हा आपलं घड्याळ जरासं पुढे सरकवतो. बस, एवढंच. सगळे जण शेजाऱ्याकडे बघून असं थोडं थोडं सरकत राहिले की थोड्या वेळाने अख्खं झाड एकदम. प्रत्येकाला बाकी सगळे दिसतात असं धरलं तर हे होतं, असं रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांनी १९९० मध्ये सिद्ध केलं.

तंबूवाल्याने काय केलं असणार? प्रत्येक ठिपक्याला वाटेल तेव्हा चमकायला सांगितलं असणार. प्रोग्राममध्ये एक ओळीचं काम. शेजाऱ्याकडे बघणं त्यात नाही. काकूंना ते दोन मिनिटांत दिसलं.

अवांतर: पक्ष्यांच्या थव्याचंही असंच आहे. क्रेग रेनॉल्ड्सने १९८७ मध्ये तीन नियम मांडले. शेजाऱ्याला धडकू नको, शेजारी जातोय त्या दिशेला जा, घोळक्यापासून लांब जाऊ नको. एवढ्यावर पडद्यावरचा थवा खरा वाटतो.

वटवट_सावित्री
हे तीन नियम द्वारका चौकातल्या ट्रॅफिकला लावा कुणीतरी.

लेन्सवाला
कोडगा, पुस्तकात ठीक आहे. मी भंडारदऱ्याला पाच-सहा वर्षं जातोय, मेअखेर ते जूनचा पहिला-दुसरा आठवडा, मोठा पाऊस पडायच्या आधी. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर असतात. अख्खं झाड एकदम पेटलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलंय. बहुतेक वेळा लाट येते. बुंध्यापासून शेंड्याकडे जाते, मग शेजारच्या झाडावर उडी मारते. काही झाडांवर नुसता गोंधळ. त्यामुळे 'एकदम पेटायचं' ही थोडी माहेरची आठवण पण असू शकते. माहेरचं सगळंच मोठं असतं.

गोदाकाठची
लेन्सवाला, माहेरावर बोलायचं काम नाही! तुम्ही गेलात तेव्हा रस्त्यावर किती गाड्या होत्या? हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, कुणाचा तरी स्पीकर. काकूंच्या लहानपणी तिथे वीज तरी होती का? काजवा शेजाऱ्याची चमक बघून चमकतो असं कोडगा म्हणतोय, मग मध्ये तुमचा हेडलाइट आला तर तो कुणाकडे बघणार?

लेन्सवाला
हा मुद्दा बरोबर बसला. मागे घेतो. गेल्या खेपेला एका सादड्याखाली उभा होतो, झाड छान लयीत आलं होतं. वळणावरनं एक एसयूव्ही आली, वरचा दिवा चालू. झाड विझलं. परत लय धरायला बराच वेळ लागला. आणि लोक गवतात घुसतात ते वेगळंच. माद्या खाली गवतात-झुडपात बसलेल्या असतात, नर वर उडत असतात. अळ्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन मोठ्या होतात, आयुष्याचा मोठा भाग तिथेच जातो. वर चमकणं दोन-तीन आठवड्यांचं. आपण नेमके तेवढ्यात जाऊन सगळं तुडवून येतो.

उनाड_नाशिककर
मग एका अर्थी तंबू बरा की! शंभर माणसं तंबूत गेली तर तेवढ्या गाड्या भंडारदऱ्याला कमी.

चक्रवाक
उलट होतं. तंबूत रील काढलं की खरं बघायची हौस वाढते आणि तसलंच रील काढायला लोक डोंगरात जातात.

गोदाकाठची
मला वेगळंच सांगायचंय. माझे बाबा चार वर्षं व्हीलचेअरवर आहेत. चक्रवाक, तुमच्या त्या मनोऱ्याला शिडी आहे. भंडारदऱ्याला अंधारात दगडधोंड्यांतनं व्हीलचेअर नेऊन दाखवा. बाबांना आम्ही याच तंबूत नेलं होतं, आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दी नव्हती. चाकं जमिनीवरून गेली तसे दोन्ही बाजूंनी तरंग उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने चाकं फिरवली, पुढे, मागे, परत पुढे. घरात ते आम्हालाच ढकलायला लावतात. आता ते डिजिटल होतं की लूप होतं, मला फरक पडत नाही.

चक्रवाक
गोदाकाठची ताई, याला उत्तर नाही. चापडगावला बांधावर अगदी पाण्यालगत गाडी थांबवून काचेतूनही पक्षी दिसतात. बाबांना घेऊन यायचं असेल तर मला निरोप करा. स्कोप मी आणतो, त्यांच्या उंचीला लावून देतो.

गोदाकाठची
फेब्रुवारीत येतो. नक्की.

पंचवटीतला_आप्पा
बरं झालं, नाहीतर आता दोघांचं जुंपणार म्हणून मी चहा ठेवला होता.

नंदिनी_के
उशिरा येतेय. २००३ च्या हिवाळ्यात मी लंडनला शिकत होते. तिथल्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये ओलाफुर एलियासन या कलाकाराने सूर्य लावला होता, 'द वेदर प्रोजेक्ट'. खरं म्हणजे अर्धाच सूर्य, पिवळ्या दिव्यांचं अर्धवर्तुळ. छताला आरसे, त्यात उरलेलं अर्धं दिसायचं. हवेत थोडं धुकं सोडलेलं. ते दिवे एकाच रंगाचे, त्यामुळे त्या उजेडात बाकीचे रंग मरायचे. सगळे लोक पिवळे नाहीतर काळे. सेन्सर नाही, संगणकाची करामत नाही. लोक येऊन जमिनीवर आडवे पडायचे आणि छताच्या आरशात स्वतःला शोधायचे. अनोळखी माणसं मिळून अंगाची अक्षरं करायची. वीस लाखांहून जास्त लोक येऊन गेले म्हणतात. मी चार वेळा गेले. बाहेर चार वाजता अंधार पडायचा आणि मला नाशिकच्या उन्हाची इतकी आठवण यायची की काय सांगू.

गंमत म्हणजे दिवे कसे लावलेत, आरसा कसा आहे, हे त्याने लपवलं नव्हतं. मागे जाऊन वायरी बघता यायच्या. तरी लोक आडवे पडायचेच. म्हणून सातपूरकर, खोटं आहे हे माहीत असून भारावणं म्हणजे येडेपणा नाही.

भुरका
आणि ते पावसाचं कुठलं? माणूस पावसात चालतो पण भिजत नाही, असं काहीतरी व्हिडिओत पाहिलं.

नंदिनी_के
'रेन रूम'. रँडम इंटरनॅशनल या गटाचं, २०१२ ला लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात. नंतर न्यूयॉर्कला गेलं आणि आता शारजात कायमचं आहे. कॅमेरे तुम्हाला टिपतात आणि डोक्यावरचं पाणी तेवढ्यापुरतं थांबतं. फक्त हळू चालायचं, पळालात तर भिजता.

भुरका
इगतपुरीच्या माणसाला हे तिकीट विकून दाखवा. पैसे देऊन पावसात जायचं आणि कोरडं परत यायचं!

वटवट_सावित्री
शारजावाल्यांना पाऊसच नवलाईचा. आपल्याकडे जुलैत वाळलेले कपडे हेच इन्स्टॉलेशन.

पंचवटीतला_आप्पा
आता माझं जरा ऐका, थट्टा बाजूला ठेवून. पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे ते दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा. १९१२ ला लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. सिनेमा काढायला पैसे नव्हते आणि सावकाराला सिनेमा म्हणजे काय हे पटवायचं कसं? तर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावला. महिन्याहून जास्त दिवस थोडं थोडं चित्रण केलं. मग पडद्यावर मिनिटभरात वाटाणा फुटला, वर आला, वेल झाला. ते बघून पैसे देणारे पुढे आले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, म्हणजे त्याच्या आधी वाटाणा. नंतर १९१८ ला त्यांची हिंदुस्तान फिल्म कंपनी इथे नाशकातच होती. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून पाण्याखाली नागाशी झुंजताना दाखवलं. लोक तेव्हाही गप्पच झाले असतील.

मी रहाडीवरून तुमची टिंगल केली, पण यंत्रातून निसर्ग दाखवून माणसाला गप्प करायचा धंदा आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानेही केला, हेही खरं.

प्रकाशयोजना
आप्पा, या वाटाण्याबद्दल मला माहीत नव्हतं. वीस वर्षं या धंद्यात असून. महिनाभर एका कुंडीसमोर! आमच्याकडे पार्टी सकाळी फोन करते, संध्याकाळी जंगल पाहिजे म्हणून.

कोडगा_कोडर
सातपूरकर, रात्री बसून काजव्यांचा छोटा प्रोग्राम लिहिलाय. तीनशे ठिपके, काळा पडदा, प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो. दुवा निरोपात टाकतो. काकूंना खोलीत पूर्ण अंधार करून दाखवा आणि खरी प्रतिक्रिया सांगा. मन राखू नका.

सातपूरकर
सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री घरातले दिवे घालवून लॅपटॉपवर आईला दाखवलं. सुरुवातीला सगळे वेडेवाकडे चमकत होते. ती म्हणाली, हेच ते तंबूतलं. म्हटलं, थांब. मग हळूहळू एका कोपऱ्यात दहा-वीस जण जुळले, मग डावीकडे, मग सगळे. आई पुढे सरकून बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हां. असं." आणि लगेच, "पण याला बेडकं पाहिजेत. नुसते काजवे कधी नसायचे." कोडगा, घ्या पुढचं काम.

लेन्सवाला, लाटेचंही विचारलं. म्हणाली, लाट यायचीच, पण ती आधी. नंतर झाड एकदम.

दुसरीकडे, आप्पांची पोस्ट पोराला वाचून दाखवली ती चूक झाली. त्याने गॅलरीत कुंडीत वाटाणे पेरलेत. बायकोचा जुना मोबाइल स्टुलावर चिकटपट्टीने बसवलाय आणि रोज शाळेत जायच्या आधी एक फोटो. स्टुलाला कुणी हात लावायचा नाही असा कागद लावलाय. आज सकाळी आईने कुंडी उचलून उन्हाच्या बाजूला फिरवून ठेवली. घरात रडारड चालू आहे.

प्रकाशयोजना
कुंडीच्या काठावर आणि खाली फरशीवर खडूने एक-एक खूण करायला सांगा. परत जुळवता येईल.

भुरका
वाटाणे किती पेरले? उसळीपुरते निघतील का?